झेंडू निघाला की

११ ऑगस्ट
बाबांना कॅन्सर. पोटातून लिव्हरपर्यंत पसरलेला.

अमरावतीच्या डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवून मला सांगितलं. केमो दिली तर थोडे महिने वाढतील, पण त्रासात. नाहीतर घरीच ठेवायचं, दुखण्यावर औषधं द्यायची. "त्यांना विचारा. निर्णय त्यांचा आहे."

त्यांचा! आईला कोणी विचारलं होतं?

बाहेर बाबा चहा पीत होते. "काय म्हने डॉक्टर?" रिपोर्ट यायचे हायेत म्हटलं. अकोला येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. रडले नाही.

१२ ऑगस्ट
योगेशचा पुण्याहून फोन. "बाबांना काही सांगू नकोस गं, खचतील." पुण्यात राहून भाऊ माझा 'गं' शिकला! हो म्हटलं. त्याला वाटलं, बहीण समजूतदार आहे. माझं कारण वेगळं आहे.

१६ ऑगस्ट
लिहूनच टाकते.

आईच्या पोटात गाठ निघाली तेव्हा बाबांनी सगळ्यांना दम दिला होता — ललिताले कोनी काही सांगाचं नाही! औषधपाणी काय करायचं तेही त्यांनीच ठरवलं. आईनं विचारलं की ठरलेलं वाक्य: "आंगात उष्णता हाय तुह्या. झेंडू निघाला की बरी होशीन."

आणि ती तापातही झेंडूला पाणी देत राहिली. मोझरीला लीलामावशीकडे चार दिवस राहायचं होतं तिला. बहिणीसाठी हिरवं पातळ आणून ठेवलं होतं. "दिवाई झाली की जातो," म्हणायची. दसऱ्याआधीच गेली. झेंडूच्या पहिल्या तोड्याची फुलं तिच्याच अंगावर पडली.

पातळ अजून पेटीत आहे. बाबांना तर ते माहीतही नसेल.

आता त्यांची पाळी. तेच वाक्य, तसंच्या तसं. विचारू तर दे त्यांना!

२९ ऑगस्ट
बाबांना जेवण जात नाही. तरी बांधावर खुर्ची टाकून तण निंदणाऱ्या बायांवर ओरडणं चालूच. शेजारच्या शेतातल्या शेषरावकाकांशी इतकी वर्षं अबोला, आणि आज म्हणतात, "दसऱ्याले सोनं घेऊन जाईन त्याच्याकडे." जा म्हटलं.

डॉक्टरांचा फोन आला. विचारलंत का? विचारते म्हटलं.

मजा येते आहे मला. हो, येते!

७ सप्टेंबर
पोट धरून विव्हळत होते. गोळी दिली, पाणी दिलं. हात धरला नाही.

१४ सप्टेंबर
विचारलं!

दुपारी बाजारात पाठवायचे गुलाब निवडत बसलो होतो. "शालू, काय झालं व मले? खरं सांग."

पाठच होतं. "आंगात उष्णता हाय तुमच्या. झेंडू निघाला की बरे होसान."

हातातलं फूल हातातच राहिलं. माझ्याकडे बघत बसले. मग हळूच — "पोटातलाच हाय का?"

मी गुलाब निवडत राहिले.

"लय पसरला?"

मी हो म्हणून मान हलवली. त्यांच्याच वाक्यानं त्यांना सगळं सांगून टाकलं! मला मेलीला हे आधी कसं सुचलं नाही? त्यांना अंधारात ठेवायचं होतं मला, महिनेच्या महिने, आईसारखं. एका मिनिटात संपलं सगळं. मी हात चोळत बसले.

उठताना बाबा म्हणाले, "आयकाले असं लागते होय हे."

भांडी घासताना आधी हसू आलं, मग रडू. रडू त्यांच्यासाठी नव्हतं. आईनं हे कितीदा ऐकलं असेल!

१५ सप्टेंबर
बाबा सकाळीच दाढी करून बसलेले. "डॉक्टरले सांग, केमो नाही करत मी. अन् मोझरीची गाडी सांग."

माझा राग गेलेला नाही. गाडी मात्र सांगितली.

दारात थांबून म्हणाले, "पेटीतलं ते हिरवं पातळ घे. लीलाबाईचं."