परसातली बिटं

सोम., १२ जाने. ८७
विलासचं हिमोग्लोबिन (हि.) पाचवर आलं. किडन्या बंद पडल्या की रक्त बनवायचा हुकूमच सुटत नाही. कर्जतच्या मेडिकलमध्ये दिवसभर लोकांना टॉनिकं देते. माझ्या पाठच्या भावाला मात्र लोहाचं इंजेक्शन, फॉलिकची गोळी, आणि फारच उतरलं तर मुंबईत डायलिसिसच्या वेळी रक्ताची बाटली. इंजेक्शन मीच देते, डॉ.नी शिकवलंय. त्याची पांढरीफटक नखं बघवत नाहीत.

गुरु., १५ जाने.
गावाकडे कडावात कळलं, विलासला रक्त कमी. झालं. कुणी बिटं आणली, कुणी खजूर, चौक गावची मावशी शहाळी घेऊन आली. सगळं परत पाठवलं. यातला पोटॅशियमचा क्षार त्याची किडनी बाहेर टाकत नाही, तो हृदयावर येतो. आईला कितीदा सांगितलं. म्हणते, "परक्यांना ताकद इकतेस आन् भावाला बिटाची फोड नाय?" मावशी माझ्याशी न बोलताच गेली.

रवि., १८ जाने.
सकाळी विलासचे पाय गळाले, छाती फडफडायला लागली. टेंपोतून मुंबई. लगेच डायलिसिस झालं म्हणून हाती लागला.
वाटेत पाणी पाजताना जीभ दिसली. लालभडक.
"ताय, आयला नको सांगूस. रोज बीट किसून भरवते गं. तिला नाय म्हणवत नाय."

मंगळ., २० जाने.
आई दारातच उभी. कशानं झालं?
माझ्या इंजेक्शननं, म्हटलं. निघून गेलं तोंडातून. बिटानं म्हटलं असतं तर तिथंच कोसळली असती. माझ्यावर रागावेल, रागावू दे. विलासने शब्द दिलाय, बिटाला तोंड लावणार नाही.

गुरु., २९ जाने.
आईनं इंजेक्शन बंद केलं. "तुजी दवा नको माज्या पोराला." गोळ्याही चुलीत टाकल्या. विलासला म्हटलं, तू तरी बोल. तो भिंतीकडे वळला. हि. साडेचार. दुकानामागे खोक्यांच्या आडोशाला खूप रडले. शहाणपणा करायला गेले आणि त्याचं औषधच तोडलं.

रवि., ८ फेब्रु.
कडावला गेले. विलास दोन पावलांत धापा टाकतो. आई परसात वाकलेली, न्हाणीचं पाणी वाफ्याला वळवलेलं. इतक्या दिवसांनी माझ्याकडे बघून हसली.
"बिटं लावलीत गं. बाजारची नकोत, घरची बरी. महिन्याभरात निघतील."
विलास खिडकीत. मान हलवली. नको सांगू.
आईनं तांब्या हातात दिला. "घाल, तुज्या बी हातचं लागू दे त्याला."
घातलं पाणी. काय करू? देठं लाल व्हायला लागलीत. ती उपटायच्या आत मला आईशी बोलायला हवं, आणि बोलले तर आई तिथंच कोसळेल.