पत्रिका पिशवीतच आहे

सुरत,
सोमवार, दि. १९ जानेवारी १९९८

सौ. उषेस सप्रेम नमस्कार.

मी सुखरूप पोचलो. बस नवापूरला चहासाठी थांबली होती, पण मी चहा घेतला नाही. कप ज्या बादलीत विसळत होते, तिच्यातलं पाणी पाहून आलो होतो. तू दिलेल्या दशम्या पुरल्या. बरोबर आलेल्या आमच्या शिपायाने, सुकदेवने, त्यातल्या दोन खाल्ल्या आणि बादलीतल्या कपातून दोन चहाही घेतले. तो अजून ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावून शेक. परवापासून जिना चढताना कळ येते म्हणालीस, तर निदान पाण्याच्या बादल्या मंदारला उचलायला सांग.

फोन करणार होतो. पण फोन शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये, आणि तू "हो, नाही, बरं" याच्यापुढे बोलणार नाहीस. म्हणून पत्र.

परिषद चांगली आहे. आम्ही साठ-सत्तर आरोग्य निरीक्षक आहोत, सकाळी भाषणं आणि दुपारी गटारं. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या साथीनंतर या लोकांनी शहर असं धुऊन काढलंय की मला आपल्या धुळ्याची आठवण येऊन लाज वाटली. एक गटार तर इतकं साफ होतं की मी पाच मिनिटं तिथेच उभा राहिलो. हसू नकोस. तू साडीच्या दुकानाबाहेर उभी राहतेस तेव्हा मी हसतो का?

जेवणाची सोय मात्र ज्याची त्याने करायची. आज रात्री स्टेशनजवळच्या एका गुजराती थाळीच्या हॉटेलात गेलो. बसायच्या आधी सवयीप्रमाणे मागच्या बाजूने स्वयंपाकघरात शिरलो. मॅनेजर धावत आला. मी म्हटलं, नुसतं बघतोय. तो म्हणाला, "साहेब, अमारुं रसोडुं तो मंदिर छे!" मी पिंपाचं झाकण उचललं, पुसायचं फडकं हुंगलं, फरशीच्या कोपऱ्यात बोट फिरवलं. मग माझ्या लक्षात आलं की हे धुळं नव्हे, मला इथे काडीचा अधिकार नाही. पण तोवर त्या माणसाला घाम फुटला होता. पुढे त्याने दोन वाढपी माझ्या डोक्यावर उभे केले. गोड आमटी, गोड कढी, गोड लोणचं. मी ताटावर आडवा हात धरला तर हाताच्या वर एक आणि खाली एक अशा दोन पुऱ्या आल्या. "एक तो लेवी ज पडे, साहेब!" सुकदेव म्हणाला, "साहेब, तुम्ही जेवाले उनात का तपासाले?"

तुझ्या कामाचं लक्षात आहे. मंदारसाठी सांगून आलेल्या मुलीची ती पत्रिका माझ्या पिशवीत, पाकिटात आहे. उद्या बमरोलीला त्यांच्या घरी जाऊन ती परत करतो आणि "पत्रिका जमत नाही" एवढंच सांगतो. पाण्याखेरीज त्यांच्याकडे काही घेणार नाही. तू बजावलंस ते खरंच आहे, खाल्लं की माझ्याने नाही म्हणवत नाही.

मंगळवार, दि. २०

काल पत्र टाकायचं राहिलं. पेटी सापडली नाही.

आज सकाळी लोचो नावाचा पदार्थ खाल्ला. आपला ढोकळा नीट न फुगता बसला तर तू गाईला घालशील, ते लोक त्यालाच तेल आणि शेव घालून पानावर देतात. चव मात्र अशी की मी दुसरा घेतला. भांडी वाफेवरची असल्यामुळे जंतूंची भीती कमी. दुपारी एका ठिकाणी उंधियू घेतलं. त्यात इतकं तेल होतं की मी भाज्या शोधून काढल्या. उरलेलं बांधून घेतलं, तर पुडकं पिशवीत गळलं.

संध्याकाळी तापीकाठी पोंक खाल्ला. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण सोबत लिंबाची आणि मिऱ्याची शेव देतात. गरम कणसं आम्ही हातानेच चोळली. सुकदेवला गाव आठवलं आणि तो तासभर त्याच्या चुलत्याच्या बैलांबद्दल बोलत राहिला.

या गडबडीत बमरोलीला जाणं झालं नाही.

गडबड नव्हती, उषा. चार वाजताच मोकळा झालो होतो.

त्याचं असं आहे. गुरुजींनी मला स्वतः सांगितलंय की अठ्ठावीस गुण जुळतात. आता छत्तीसातले अठ्ठावीस म्हणजे आपले दोघांचे जुळले होते त्यापेक्षा सात जास्त. तू सव्वीस वर्षं पाहतेस, मी नोकरीत खोटा शेरा कधी मारला नाही. घाण असेल तर घाण लिहिलं, मग हॉटेल नगरसेवकाच्या मेव्हण्याचं का असेना. आणि मुलीच्या शाळामास्तर वडिलांसमोर बसून मी म्हणायचं, जमत नाही?

मुलीची आई खानावळ चालवते म्हणून आपल्याला स्थळ नको, हे खरं कारण. मुलगी तुला आवडली होती. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास तिच्या मामाकडे तू आणि मंदार बघायला गेलात, मी काविळीच्या साथीमुळे येऊ शकलो नाही, तेव्हा परत येऊन तूच म्हणालीस की केतकी चुणचुणीत आहे, बी.एस्सी. आहे, दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते, डोळ्यांत डोळे घालून बोलते. मग कुणीतरी खानावळीचं सांगितलं आणि तुझा चेहरा उतरला. "नवऱ्याला पगार असताना बाई पन्नास परक्या माणसांना जेवायला घालते, तिथे कसली स्वच्छता?" असं म्हणालीस.

बुधवार, दि. २१

आज पेटी सापडली. परिषदेच्या दाराशीच आहे, लालभडक. पण पत्र अर्धवट वाटलं म्हणून टाकलं नाही.

दुपारी काहीजण आग्रहाने चायनीज खायला घेऊन गेले. त्यात कांदा नाही, लसूण नाही, वरून शेव. मालकाला विचारलं की हे चायनीज कसं? तो म्हणाला, "अमारे त्यां एवुं ज होय." स्वयंपाकघरात गेलो नाही. सुकदेवने माझा शर्ट धरून ठेवला होता.

तर मी एक युक्ती काढली. खोटं कारण सांगायचं नाही, तर खरं शोधायचं. मला त्या घरात कोणी ओळखत नाही. गुपचूप गिऱ्हाईक म्हणून जायचं, मागच्या दाराने शिरायचं, आणि झुरळ, उघडं पिंप, कळकट फडकं, काहीतरी गाठायचं. सव्वीस वर्षांत मला असं स्वयंपाकघर भेटलेलं नाही ज्यात काही सापडलं नाही. ते सापडलं की मनात शेरा पक्का, आणि मग "जमत नाही" म्हणताना जीभ अडखळणार नाही. संध्याकाळी निघतोय.

गुरुवार, दि. २२, सकाळ

उषा, आता हे नीट बसून वाच. जमलं तर पाय खुर्चीवर घेऊन.

बमरोलीत यंत्रमागांच्या शेडांमागे त्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत सतरंज्या आणि पाट. कामगारांची पाळी सुटली होती. आपल्याकडचीच माणसं, अमळनेर, शिरपूर, साक्री, डोक्यात रुई अडकलेली. सगळ्यांच्या चपला बाहेर एका ओळीत. भिंतीवर खिळ्यांची रांग, प्रत्येक खिळ्याला एक रुमाल, आणि प्रत्येक रुमालावर दोऱ्याने नाव भरलेलं. दुसऱ्याच्या रुमालाला हात पुसला तर त्या दिवशी भाकरी मिळत नाही म्हणे. मी हे पाहिलं आणि माझ्या युक्तीचं कठीण दिसलं.

तरी मागच्या दाराने गेलोच. उंबऱ्यावर पाय ठेवला, तोच आतून आवाज आला.

"ओ काका, कुठे?"

भाकरी थापत एक मुलगी बसली होती. केसांवर घट्ट फडकं. मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, "स्वयंपाकघर बघायचंय."

"बघा की. चपला बाहेर, आणि हात धुऊन या."

"मी कशाला हात लावणार नाही."

"सगळे असंच म्हणतात, आणि मग झाकण उचलतात."

मी झाकणच उचलणार होतो, उषा. पिंपाकडे हात निघालासुद्धा होता.

गेलो, चपला काढल्या, नळावर हात धुतले. परत आलो तर ती म्हणाली, "दाखवा." मी, धुळ्याचा आरोग्य निरीक्षक, लहान पोरासारखे दोन्ही हात पुढे केले. तिने नखं पाहिली. पोंकाची राख अजून नखांत होती. "ब्रश नळाशेजारी टांगलाय," ती म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला लागली.

मी नापास झालो. लोकांना हात धुवायला सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. पण त्या नळाशी ब्रशने नखं घासताना मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मग मी सगळं पाहिलं. पिंप, फडकी, मोरी, फरशीचे कोपरे. बोट फिरवलं, ते कोरडं आणि स्वच्छ. मंगलाबाई, म्हणजे मुलीची आई, चुलीपाशी होत्या. मी मोरीत वाकलो तेव्हा त्यांनी दिवा लावून दिला. मास्तर, श्रीरंगराव, पुढे पंगतीत वाढत होते. शाळा सुटली की वाढायला येतात. मी विचारलं, पगार असताना हे कशाला? ते म्हणाले, "हिला हौस आहे. आणि ही पोरं घर सोडून आलीत, त्यांना कोणीतरी हात धुवायला सांगणारं हवं."

मी पाटावर बसलो. भरीत, शेवेची भाजी, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या. अडीच भाकऱ्या खाल्ल्या. जेवून उठलो तेव्हा लक्षात आलं की या पूर्ण जेवणात मला मागचं स्वयंपाकघर एकदाही आठवलं नव्हतं. बाहेर जेवताना असं कधी झालं ते मला सांगता येणार नाही.

उषा, ती खानावळ तुला नको आहे ती माझ्यामुळे. सव्वीस वर्षं रोज ताटावर बसून मी तुला हॉटेलांतली झुरळं सांगितली. आमटीतली पाल तर तू गरोदर असताना सांगितली होती. मग खानावळ म्हटलं की तुला दुसरं काय दिसणार? आणि घरीसुद्धा मी रोज तुझ्या भाजीचं झाकण उचलतो, पळी उजेडात धरून बघतो. तू कधी म्हणाली नाहीस, आधी हात धुऊन या. म्हणायला हवं होतंस गं. मला फार वाईट वाटतंय.

निघताना मी नाव न सांगता सटकणार होतो. तर मंगलाबाई दोनपुडी डबा घेऊन दाराशी आल्या. म्हणाल्या, "हे उषाताईंना द्या. आणि त्यांचा गुडघा कसा आहे आता?"

मी डबा हातात धरून हिशेब केला. तुझा गुडघा दुखायला लागून आठवडाही झाला नाही, आणि तुळशीचं लग्न होऊन अडीच महिने. म्हणजे ही बातमी धुळ्याहून ताजी ताजी इथे येते. कोणाकडून, ते मी तपासायची गरज नाही. आत केतकी पाठ करून भाकऱ्यांची परात पुसत होती, पुसलेलीच पुन्हा पुसत होती, आणि तिचे कान लाल झाले होते. मी कोण ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. ठाऊक असूनही तिने मला हात धुवायला लावले.

आता एक राहिलेलं सांगतो, जे मी पहिल्या दिवशीच लिहायला हवं होतं. बस सुटताना मंदार खिडकीशी आला. तुला माहीत आहे, तो आपल्यासमोर तोंड उघडत नाही. बस हलली तेव्हा म्हणाला, "बाबा, पत्रिका सावकाश द्या." एवढंच. पेटी सापडत नव्हती आणि बमरोलीला जाणं टळत होतं, ते त्यामुळे.

सुकदेव आज दुपारच्या बसने निघतोय, त्याच्या हाती हे पत्र आणि तो डबा पाठवतोय. मी उद्या संध्याकाळी येईन. मुद्दामच एक दिवस मागे राहिलोय, तुला माझ्यावर रागवायला तेवढा वेळ लागेल. मंदारवर रागावू नकोस. रागवायचं तर मी पोचल्यावर दोघांवर एकदम रागव.

डब्यात भरीत आणि भाकऱ्या आहेत. तू ते खाच असा माझा आग्रह नाही. आधी झाकण उचलून बघ, वास घे, पळी उजेडात धर, माझ्यासारखं सगळं कर. पण डबा त्यांचा आहे, त्यावर 'मंगला' असं कोरलंय, तो परत तर करावाच लागेल. आणि इतक्या वर्षांत कोणाचा डबा तू रिकामा परत केलेला मी पाहिलेला नाही. फडताळात तिळाच्या वड्या आहेत. रथसप्तमीला अजून बारा-तेरा दिवस आहेत.

पत्रिका पिशवीतच आहे. तिच्यावर उंधियूच्या तेलाचा मोठा डाग पडलाय, आता ती परत देण्याजोगी राहिलेली नाही.

उद्या दार उघडलंस की पहिल्यांदा मला नळाकडे पाठव.

तुझाच,
हात पुढे करून उभा असलेला
प्रभाकर