हे पत्र आईला वाचून दाखवू नका

धावडा, ता. भोकरदन, जि. औरंगाबाद
२६ जानेवारी १९७५ (झेंडावंदन उरकून)

चि. कडूबा यास संपतमामाचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, म्हणजे तुझ्या पत्रानं जेवढं राहू दिलं तेवढं. तुझ्या आईचा, म्हणजे आमच्या अक्काचा, गुडघा थंडीनं धरलाय. तुझी मामी बरी आहे. आमची बेबीनंदा सातवीत गेली आणि नको तेवढं वाचायला लागली. तुझी तब्येत कशी आहे? अर्जेंटिनात जानेवारीत उन्हाळा असतो हे तुझं वाक्य मी शाळेत पोरांना सांगितलं, तर हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन माझीच तब्येत विचारली.

आता मुद्द्याचं. तुझं पत्र नऊ तारखेला मिळालं. पहिली चूक तुझी आहे, हे आधी लिहून टाकतो. 'आईला वाचून दाखवू नका' अशी सूचना माणसानं पहिल्या ओळीत लिहावी. तू ती तिसऱ्या ओळीत लिहिलीस. तोवर मी अक्काच्या ओट्यावर बसून, चष्मा लावून, शाळेच्या आवाजात सुरू झालो होतो. ऐकायला अक्का, तुझी मामी, पत्र घेऊन आलेला अप्पाराव पोस्टमन (त्याला पाकिटावरचं परदेशी तिकीट पाहिजे होतं) आणि सरपंच सर्जेराव. एवढ्यांच्या समोर मी खणखणीत वाचलं, की मामा, हे पत्र आईला वाचून दाखवू नका. बावीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस म्हणून मी सावरलो आणि पुढं जोडलं, की नुसतं एकदाच वाचून दाखवू नका, चार-पाच वेळा दाखवा, म्हणजे तिच्या जिवाला बरं वाटेल. लोकांनी माना डोलावल्या. त्या एका वाक्यानं मी कसा मेलो ते पुढं येईलच.

मंग मी तुझं पुढचं वाचलं, अर्थात मनातल्या मनात. डॉक्टरकीच्या आधीच्या वर्गाची दोन सत्रं झाली, दोन्ही परीक्षांत नापास, मार्चमध्ये तिसऱ्यांदा बसायची हिंमत न्हाई, परत येऊ का? कडूबा, माझ्या पायाखालची जमीन सरकली. आणि तोंडानं मी काय वाचून राह्यलो होतो? की कडूबा पहिल्या नंबरानं पास झाला, मोठ्या डॉक्टरसाहेबांनी पाठ थोपटली, खानावळीत ज्वारीची भाकर मिळते. (भाकर कशी काय आली ते मलाच माहीत न्हाई. घाबरलेल्या माणसाच्या तोंडात काहीही येतं.)

आता तुझ्या नापास होण्याबद्दल. स्कॉलरशिपवर तिकडं गेलास तर सगळे वर्ग स्पॅनिश भाषेत, आणि तुला 'पाणी दे' एवढंच स्पॅनिश येत होतं, तेव्हा रस्ता मीच दाखवला होता, हे कबूल. आधी पाठ, अर्थ मागनं. आपण बुद्धवंदना पालीत पाठ केली तेव्हा कुणाला पाली येत होती? अर्थ सावकाश आला आणि चांगला आला. तसंच तू हाडांचं अख्खं पुस्तक पाठ केलंस, पान एकशे चाळीसपर्यंत. शाबास. पण तिथं परीक्षा तोंडी असते, तीन साहेब ओळीनं बसतात, लॉटरीसारखा डबा फिरवून नंबराची गोटी काढायची आणि त्या नंबरच्या धड्यावर बोलायचं, हे मला कुठं ठाऊक? तू दंडाच्या हाडाचं सुरू केलंस, 'एल उमेरो एस उन उएसो लार्गो', झक्कास चाललं होतं, अन् मधेच एका साहेबानं हाड हातात दिलं आणि म्हणाला, वरचं टोक कोणतं ते दाखव. तू परत 'एल उमेरो'पासून सुरू केलंस. त्यानं परत अडवलं. तू परत पहिल्यापासून. तीन वेळा! दहापैकी दोन मार्क. तुझं पत्र वाचून मी त्या साहेबाला मनातून खूप बोललो. पाढा म्हणणाऱ्या पोराला मधे अडवू नये, ही साधी गोष्ट त्याला कळू नये?

पण आता ऐक. दुसऱ्या दिवशी अक्का पत्र घेऊन हजर. 'चार-पाच वेळा म्हणलंय पोरानं.' मी वाचलं. तिसऱ्या ओळीला ती म्हणाली, कालच्याला पहिला नंबर होता, आज दुसरा कसा? मी म्हणालो, अक्षर बारीक आहे. आणि पुढं जावं तर पुढचं आठवेना. परत 'सप्रेम जयभीम'पासून सुरू केलं. तिनं भाकरीपाशी अडवलं. परत पहिल्यापासून. कडूबा, न लिहिलेलं पत्र तिला तोंडपाठ, आणि रचणाऱ्याला येईना! तेव्हापासून दर शनिवारी ती ओट्यावर बसते, मी अडलो की पुढची ओळ सांगते आणि डोळे पुसते. मला तिच्याकडं बघवत न्हाई.

त्यात सर्जेरावानं जाहीर करून टाकलंय, की चौदा एप्रिलला जयंतीच्या मांडवात डॉक्टरच्या आईचा सत्कार. शाल-नारळ. मी बराच विरोध केला (म्हणजे दोनदा खोकलो). तेव्हा बाबा, तू मार्चमध्ये घरी आलास तर अक्काचं काय होईल ते मला सांगवत न्हाई, आणि माझं काय होईल ते सांगायची गरज न्हाई. दाजी गेल्यापासून तिनं लोकांच्या रानात निंदून तुला शिकवलं. मी तुला चुकीचं शिकवलं, ते माझ्या जिवाला लागून राह्यलंय. पण येऊ नकोस. अर्थ समजून घे, हाड हातात घे, आणि बस.

बाकी सर्व ठीक. मोठ्यांना नमस्कार म्हणावं, तर तिथं तुझ्या ओळखीचं कुणी मोठं न्हाई, तेव्हा त्या तीन साहेबांनाच म्हण.

तुझा मामा,
संपत

ता.क. इथून पुढं एका पाकिटात दोन पत्रं घालत जा. एक खरं, माझ्यापुरतं. दुसरं वाचायचं, मोठ्या अक्षरात. दुसऱ्यात भाकरीचा उल्लेख ठेव, ती सोडायची तयारी अक्काची दिसत न्हाई.

ता.क. २. पाठांतराचा सल्ला माझा होता, हे कुणाला लिहू नकोस. मला अजून नऊ वर्षं नोकरी आहे. हे पत्र चिकटवायला आणि टपालपेटीत टाकायला बेबीनंदाकडं देतोय, कामाची पोरगी आहे.

ता.क. ३. कडूबादादा, मी बेबीनंदा. आत्या सांगते तसं लिहिते. "तुझं खरं पत्र मी त्याच सांजंला या पोरीकडून ऐकलं. मामाला सांगू नको. तो लई ग्वाड वाचतो, म्हणून मी ऐकते. अन् सर्जेरावला सांगून आले, शाल-नारळ मला नगं. आता मामानं तुला कधी सांगितलं नसंल ते ऐक. तो सातवीला तीनदा नापास झाला अन् जालन्याला कापसाच्या जिनिंगमधी कामाला पळून गेल्ता. मी चालत गेले, कान धरून आणला अन् चौथ्यांदा बसवला. तुझ्याकडं मला चालत येता येत न्हाई, मधी समुद्र हाय म्हणत्यात. तवा तुझा कान तूच धर."