ओलीचे मूळ

३ मार्च, सोमवार
नव्या घरात आज राहावयास आलो. चाळीस वर्षे व्याकरण शिकविले. आता पुस्तके आणि मी. घर हवेशीर, जिना भक्कम, शेजारी मितभाषी. पुस्तकांसाठी चक्क तळघर मिळाले. तेथे किंचित कुबट वास येतो, एवढेच.

५ मार्च, बुधवार
तळघराच्या भिंतीवर परवा प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटविला होता. आज थेंब कागदाच्या आतल्या अंगाला आढळले. म्हणजे ओल हवेतील नसून भिंतीमागची आहे. गवंड्यास बोलाविले. भिंतीला कान लावून तो बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, आजोबा, मागं बुजवलेली विहीर आहे. गाळ काढायला माझा बाप उतरला होता. तेव्हाच्या मालकाला घाई; बाप आत असतानाच त्यानं भराव टाकला.

७ मार्च, शुक्रवार
गवंड्याने लेखी अर्ज आणला: भिंत फोडून बापाची हाडे काढू द्यावीत, मजुरी नको. अर्जातील अकरा चुका लाल शाईने दुरुस्त करून मी तो परत केला. घर खिळखिळे करावयाचे नाही, आतून जलरोधक गिलावा करावा, असे बजावले. त्याने अर्जाची नीट घडी घातली. म्हणाला, तुम्ही सांगाल तसं.

१० मार्च, सोमवार
गिलावा पूर्ण झाला. वास मात्र वाढला. गवंडी थापी आपटतो, की भिंतीतून तितकेच ठोके येतात. विचारले, तर म्हणाला, म्हातारा चौकशी करतोय, दुसरं काय.

११ मार्च, मंगळवार
गिलाव्याला पाच तडे. पुस्तके चिंब. ती वर नेण्यास उतरलो आणि दार बाहेरून —

दाराच्या फटीतून दिसते, गवंडी बाहेर विटा रचीत आहे. हाका मारल्या. शांतपणे म्हणाला, ओलीचं मूळ सापडलं, आजोबा, बंदोबस्त करतोय.

अर्ज दे, म्हणालो. सही करतो. घर पडले तरी चालेल. म्हणाला, त्यात अजून चुका असतील, राहू द्या.

शेवटची फट उरली. पाणी घोट्यापर्यंत. मागे गिलावा गळून —

आता तो बोलतो, पण माझ्याशी नव्हे. बाबा, घावला का, म्हणून विचारतो.

थंड. बोटे. माझ्या मनग