नवा आवाज कधी टाकायचा

तिरोडा
११ फेब्रुवारी २०२५

चि. गुंजनबाईस,
बाबूजीचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सारे आपापल्या परीने ठीक आहोत. तुझी तब्येत, तुझी नोकरी, तुझा तो डबेवाला सगळं सुरळीत असेल असं धरून चालतो.

कागदावरचं पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर मी लिहितो आणि फोन बोलतो, आणि बोलतो तोही असा की शेजारच्या रेवारामला घरबसल्या कळावं. हळू बोलायची सवय मलाच कधी नव्हती, मशीनला कुठून असणार! व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण हल्ली दुपारी मोबाइल माझ्याजवळ नसतो. कुठं असतो ते पुढे सांगतो.

मोनू दुकान नीट सांभाळून आहे. लग्नसराईच्या तारखा लागल्या आहेत. नवीन लायटिंग आणली, त्यातली अर्धी लुकलुकते आणि अर्धी रुसते. 'गुंजन साऊंड सर्व्हिस'चा बोर्ड त्यानं परत रंगवून घेतला, तुझ्या नावातला अनुस्वार पेंटरनं एवढा मोठा काढला आहे की लांबून सूर्य उगवल्यासारखा दिसतो. आईनं परवा लाखोरीच्या डाळीचे वडे केले. मला नळीतून जे जातं ते जातं, वड्याचा वास मात्र फुकट मिळाला. नागपूरला तपासणीला जाऊन आलो. ते झालं एकदाचं.

आता तुझा प्रश्न. तू दर फोनला विचारतेस, "बाबूजी, नवीन ॲप कधी टाकू?" आणि मी दर वेळी काहीतरी टाइप करून विषय बदलतो. तुला राग येत असणार. तू बापावर गेली आहेस.

तू समजावलं होतंस ते माझ्या ध्यानात आहे. माझ्या फोनमध्ये आहे ते बीटा, म्हणजे अजून पक्कं न झालेलं, वापरून बघायला दिलेलं. आमच्या धंद्यात त्याला माइक टेस्टिंग म्हणतात. टेस्टिंग चालू असताना शिट्टी वाजली, खरखर झाली, तर लोक हसतात आणि सोडून देतात. कार्यक्रम सुरू झाल्यावर वाजली तर मंडपवाल्याच्या आईबहिणीचा उद्धार होतो. म्हणून तुमच्या कंपनीनं पक्कं तयार केलं, त्यात खरखर ठेवली नाही, हे मला समजतं. पण खरखरीबरोबर माझा आवाजही काढला. पक्क्या ॲपमध्ये चार तयार आवाज आहेत, त्यातला एक निवडायचा. स्वतःचा आवाज ठेवणारी आमच्यासारखी माणसं मोजकीच, तेवढ्यांसाठी खर्च परवडत नाही. बरोबर आहे. बारशाला कोणी स्पीकरचे मोठे बॉक्स लावत नाही. तू त्यावरून साहेबांशी भांडू नकोस.

आणि जुनं महिनाअखेर आपोआप बंद होणार. आत्ता बदललं तर मी साठवून ठेवलेली वाक्यं नव्यात येतील. शेवटच्या दिवसापर्यंत ताणलं तर येतीलच याची खात्री नाही. म्हणून तुझी घाई. सगळं समजतं बाई, जीभ कापली आहे, डोकं नाही.

पण तू ते आवाज भरायला आली होतीस तो दिवस आठव. ऑपरेशनच्या आधी, दुकानातल्या मागच्या खोलीत, गाद्या उभ्या करून. तू आणलेली वाक्यं काय एकेक होती! 'आज हवामान ढगाळ आहे.' 'मला डाव्या कुशीवर वळवा.' 'बस किती वाजता येईल?' मी म्हटलं, हे वाचून माणूस बरा असला तरी आजारी पडेल. मग तू म्हणालीस, आता घरच्यांची नावं वेगळी बोला, नाहीतर ॲपला ती जोडून म्हणता येत नाहीत. मी बोललो. गुंजन. मोनू. रेवाराम. दुकानाचं नावसुद्धा बोललो, पत्त्यासकट. तुझी आई चहा घेऊन दारात उभी होती. तिच्यासमोर तिचं नाव कसं घेणार? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आमच्यात घेत नाहीत. मी 'मोनूची माय' असं बोललो आणि तू हसून पुढचं वाक्य दिलंस.

मग जीभ गेली. आणि काही दिवसांनी फोनमधून मीच बोललो. त्या दिवशी तुझी आई देवघरात जाऊन बसली ती स्वयंपाकालाच उठली.

खरखर होतीच. बोदलकसाला मंडईच्या जत्रेत लोकांनी हट्टच धरला, लीलाधरभाऊच अनाउन्स करतील. मी फोन माइकसमोर धरला. 'सर्व रसिकांना विनंती आहे की आपापल्या जागी बसून घ्या' हे घ्या घ्या घ्या करत तिथेच अडकलं. दंडारीच्या नाचातली पोरं स्टेजवर त्या तालावर नाचली. लोक पोट धरून हसले, मीही हसलो, आवाज येत नाही तरी खांदे हलतात. आवाज माझा होता ना, लोकांनी सगळं माफ केलं.

नवीन आवाज तू ऐकवलास तो चांगला आहे. बातम्या देणाऱ्यासारखा गुळगुळीत. त्या माणसानं जन्मात तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकला नसेल.

इथवर काल लिहिलं होतं आणि इथंच थांबावं असं वाटत होतं. 'टाकू निवांत' असं लिहून पाकीट चिकटवणार होतो. पण मग कागदावर लिहिण्यात काय अर्थ?

गेल्या आठवड्यात दुपारी माझा डोळा लागला होता. जाग आली ती माझ्याच आवाजानं. स्वयंपाकघरातून मी बोलत होतो. "जेवली का?" असं.

उठून दाराशी गेलो. तुझी आई पाटावर बसलेली, पुढे ताट, ताटाशेजारी माझा मोबाइल. चष्मा नाकावर. ती म्हणाली, "जेवून राहिलो जी." मग पुन्हा एका बोटानं अक्षरं शोधत बसली. चौथी शिकलेली बाई, तिला 'जे' सापडेपर्यंत वरण थंड होतं. पुन्हा मी विचारलं, "जेवली का?" आणि ती फोनकडे बघून म्हणाली, "आंबट झाली जी कढी आज."

मला पाहिलं तरी लाजली नाही, दचकली नाही. मी फोन घेतला आणि टाइप केलं, 'हे काय करून राहिली?'

"सवय करून राहिलो," ती म्हणाली. "तुमी नसान तवा घरात कोनी इचारनारा पायजे ना."

आता नागपूरचं ऐक. मानेत परत आलं आहे, दोन्ही बाजूंनी. डॉक्टरांनी फाइल बंद करून ठेवली आणि मोनूला म्हणाले, घरी ठेवा, दुखणार नाही एवढं आपण बघू. मोनूला मीच शपथ घातली, आईला आणि तुला सांगायचं नाही. तिला सांगितलं, गोळ्या बदलल्या. ती म्हणाली, बरं. आम्हाला वाटलं, पटलं.

मी टाइप केलं, 'कोनं सांगितलं?'

"सांगाले कायले लागते? उशीच्या खोळीवरचं रगत कोन धुते? मोनू नागपूरहून आला तं डोये लाल करून आला. मले का समजत नाही का?"

मग लिहिलं, 'मी तुले असं कधी इचारलं होतं, जेवली का मनून?' फोन ते माझ्या आवाजात, भांडण काढल्यासारखं बोलला.

"नाही इचारलं," ती म्हणाली. "मनून तं इचारवून घेऊन राहिलो."

बाई, माझा आवाज कलेक्टरच्या कार्यक्रमातही कधी कापला नाही. त्या दिवशी आवाज नव्हता हे बरं झालं.

आवाजाची मुदत संपते आहे हे तिला माहीत नव्हतं. तिचा बेत पुढच्या काळासाठी होता. मी दोन दिवस गप्प बसलो. गप्प बसणं आता सोपं आहे, फोनला हात लावायचा नाही, झालं. मग सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एकदा तं गेलता तुमचा आवाज. मंग वापस कायले देल्ला?" हे तुला लिहू नये असं वाटत होतं. पण खोटं लिहायला हात वळत नाही. तिनं ते तुला उद्देशून म्हटलं नाही, एवढं मात्र खरं. तू दिलास म्हणून तर एवढे दिवस या घरात भांडणं झाली.

तू म्हणशील, रेकॉर्ड करून ठेवा. मी साऊंडवाला आहे, रेकॉर्डची काय कमी? मंडईच्या कॅसेटी पडल्या आहेत. त्यात मी लोकांना चपला सांभाळायला सांगतो आणि हरवलेल्या पोरांच्या चड्डीचा रंग सांगतो. 'जेवली का' हेही मोनूनं फोनमधून भरून घेतलं. तिनं एकदा ऐकलं आणि बाजूला ठेवलं. म्हणते, हे एकच बोलते, मी काही म्हनो.

परवा मला वाटलं, एक काम राहिलं आहे ते जुन्या आवाजात करून घेऊ. ती गॅसपाशी उभी होती. मी समोर स्टूल ओढून बसलो, तिला हातानं खुणावलं, इकडे बघ. आणि टाइप केलं. धुरपता. पोरी, त्या नावाची पाच अक्षरं लिहायला मला सव्वाशे माणसांसमोर बोलण्यापेक्षा जास्त धीर लागला. चार आहेत का? असो. बटण दाबलं.

गोल चक्र फिरत राहिलं. "धु" असं आलं. मग नुसता श्वास. माझाच श्वास, तू भरून घेतलेला. ती हात गॅसच्या बटणावर ठेवून वाट बघत होती, आणि मी तिच्याकडे बघत होतो, आणि फोन अडकून बसला.

"राहू द्या जी," ती म्हणाली, "दूध उतू जाऊन राहिलं."

तिनं दूध उतरवलं आणि परसात निघून गेली. बऱ्याच वेळानं, मी एकटाच बसलो असताना, फोन म्हणाला, "रपता."

पुन्हा दाबून पाहता आलं असतं. नाही दाबलं. टेस्टिंग किती वेळ चालू ठेवणार? कधीतरी कार्यक्रम सुरू करावाच लागतो, मग मंडपात कोणी आलं असो वा नसो.

म्हणून ठरवलं ते लिहितो. महिनाअखेरची वाट बघू नकोस. या रविवारीच नवीन टाक. येता आलं तर येऊन टाक, नाहीतर तिकडून. पण मला बसता येतंय तोवर टाक. कारण असं आहे, की जुना आवाज मुदतीआधी मी असताना गेला काय किंवा नंतर गेला काय, जाणारच. पण मी गेल्यावर तो बंद पडला आणि मग तुम्ही तिला नवा दिलात, तर तो तिला कुणा परक्याचा लागेल आणि ती फोन कपाटात ठेवून देईल. मग ती बाई पाटावर एकटीच जेवेल. आत्ता टाकलास तर तो परका माणूस माझ्यासमोर बोलेल. मी मागे बसलेला दिसेन, माझं बोट हलताना दिसेल. त्याच्या आवाजात मी तिच्याशी भांडेन, चहात साखर कमी म्हणेन, मला चहा नको असला तरी. जेवढे दिवस मिळतील तेवढे दिवस. मग मी उठून गेलो तरी तो अगदीच परका राहणार नाही. राहीलही कदाचित. मला खात्री नाही, पण दुसरं काही सुचत नाही.

त्या माणसाकडून मी तिचं नाव म्हणवून पाहिलं, तू पाठवलेल्या नमुन्यात. एका दमात म्हणतो. स्वच्छ, ठसठशीत. लग्नापासून मला जे जमलं नाही ते त्यानं पहिल्याच दिवशी केलं. मला त्याचा राग आला आणि मग हसूही आलं, खांदे हलले.

एवढं कर. साठवलेल्या वाक्यांत 'जेवली का' सगळ्यात वर ठेव, मोठ्या बटणावर, चष्म्याविना दिसेल असं. तिला अक्षरं शोधायला लागू नयेत. त्याच्याखाली तिचं नाव ठेव. ती दाबणार नाही, तिलाही लाज आहे. तरी ठेव.

आणि 'बाबूजी, तुम्ही बरे व्हाल' असं उत्तरात लिहू नकोस. मोनू तसं म्हणतो तेव्हा मला त्याचं सांत्वन करावं लागतं.

सुट्टी मिळाली तर ये. नाही मिळाली तर रविवारी टाकल्यावर मला फोन कर. मी 'गुंजन' म्हणेन, त्या नव्या माणसाच्या तोंडून. लगेच रडू नकोस, आई स्पीकरवर ऐकत असते. नुसतं 'हो बाबूजी' म्हण, नेहमी म्हणतेस तसं.

हे पत्र मनात वाचताना तुला कुणाच्या आवाजात ऐकू आलं, ते मला कळवू नकोस.

रविवारपर्यंत तुझाच,
बाबूजी