बीट आणि सही

फुलपाडा, ४ फेब्रुवारी

ती. जिजाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बायकांच्या वॉर्डात मला सोडत नाहीत, आणि फोनवर तू बरी आहे म्हणतेस नि ठेवून देतेस. म्हणून ही चिठ्ठी डब्यात. खाली बिटाची भाजी, वर बिटाची कोशिंबीर. हिमोग्लोबिन पाचावर आलंय, तेव्हा नाक मुरडू नकोस. अंडाशयातली गाठ काढायला तू सही देत नाहीस, असं टिफनी सिस्टर म्हणाल्या. रक्त कमी असताना गाठीचं काय मध्येच? नीट विचारून कळव.

काळजीने अर्धा झालेला,
अल्पेश

माणिकपूर, ५ फेब्रुवारी

चि. अल्पेशास,
अ. उ. आ.

विचारलं. माझ्या अंगात लोह भरपूर आहे म्हणे. त्या गाठीपायी माझं अंगच माझ्या रक्ताला परकं समजून फोडतंय. म्हणजे बिटाचा काडीचा उपयोग नाही! डॉक्टरांच्या पाया पडावंसं वाटलं. डबा परत पाठवतेय. शेजारच्या खाटेवरच्या क्लेमेंटीनबाईंनीही बिटाला हात जोडले. पण पोट फाडून घ्यायला मला भीती वाटते. गोळ्यांवर भागेल. केळींना पाणी घाल.

तुझी हट्टी आत्या

फुलपाडा, ७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांना दारात गाठलं. गाठ आहे तोवर गोळ्या पुरणार नाहीत, आणि तुला जुळणारं रक्तही सहज मिळत नाही. म्हणून मी पाच किलो बीट आणलंय. उपयोग नाही, कबूल. तरी सही होईपर्यंत रोज बीटच येईल. उद्या थालीपीठ, परवा खीर. आई गेल्यावर तू मला वाढवलंस. आता दुसरी आत्या मी कुठून आणू? रक्त द्यायलाही जाऊन आलो. ते सगळं ठीक.

उत्तरात फक्त सही चालेल.
अल्पेश

माणिकपूर, १४ फेब्रुवारी

चि. अल्पेशास,
अ. उ. आ.

सही मी खिरीला भिऊन केली, तुझ्या रडगाण्याला नव्हे. गाठ साधी निघाली. आत केस होते आणि चक्क एक दात! अशा गाठींत असतात म्हणे. नालासोपाऱ्याच्या खड्ड्यात माझा पुढचा दात पडला, तेव्हा त्या रिक्षावाल्या सिप्रियनला मी उगाच शिव्या घातल्या. पोटात एक शिल्लक होताच की. हिमोग्लोबिन आज नऊ आहे, आपसूक चढतंय.

आता तुझं. रक्तपेढीने तुला परत पाठवलं, हे टिफनीने सांगितलं. तुझंच रक्त कमी, आणि तुला लोह खरोखरच कमी पडतंय. माझे डबे भरताना स्वतः उपाशी राहायचास ना, गाढवा?

रविवारी सोडतायत. उरलेलं बीट फेकू नकोस. पाट मांड, समोर बस. खीर मी करणार.

आशीर्वाद आहेतच, ताट रिकामं दिसलं पाहिजे.
जिजाआत्या