कानात सांगायचं राहिलं ते

आये, माझा राग अजून गेलेला नाही. दात गेले, डोळे अधू झाले, पण हा मेला राग काही जात नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आत्ता कुठं लिहायला बसलेय, तेही मराठीत. आपल्या बोलीत लिहिलं असतं, पण येते कुणाला ती?

सोलापुरात तारेच्या कुंपणात आपली वस्ती. गोऱ्या सरकारनं आपल्या सगळ्या जातीलाच चोर ठरवलेलं, सकाळ-संध्याकाळ हजेरी. साथीच्या तापात जुनी माणसं गेली आणि बोली जाणणाऱ्या तू आणि मावशी, दोघीच उरलात. न समजणारं काही कानावर पडलं की शिपाई काठी आपटायचा, "कुटं चोरीचा बेत चाललाय गं?" म्हणून घरात तुम्ही मराठीच बोलायचात. एकदा चुकून तुमच्या तोंडून निसटलेला एक शब्द मी उचलला, तर तू थोबाडीत दिलीस. "पुन्ना ते तोंडातनं काडलंस तर जीभ हासडीन. आमच्यासंगं संपू दे ते." मी रडत चुलीपाशी बसले, आणि भाकरी थापता थापता तूही रडत होतीस.

पुढं मी तुमच्याबरोबर गिरणीत सूत गुंडाळायला लागले, तेव्हा तुमची लबाडी उघडी पडली. त्या खडखडाटात शेजारणीचं बोलणं शेजारणीला ऐकू येत नाही. तिथं तुम्ही बहिणी समोरासमोर उभ्या राहून ओठांनी बोलताय, आपल्या बोलीत. हसताय! घरी कधी न हसणारी तू डोळे पुसून पुसून हसतेयस, आणि मी मधे ठार बहिरी. किती जळले गं मी तेव्हा.

मग मावशी गेली. आपल्यात मेलेल्याच्या कानात आपल्याच बोलीत सांगावं लागतं, की तू मेलीस, आता मागं वळू नको, जा. नाही सांगितलं तर त्या जिवाला कळतच नाही, तो दारातच बसून राहतो. तू वाकून मावशीला सांगितलंस. उठलीस तेव्हा तोंड पांढरंफटक.

"मला कोन सांगंल गं?"

"मग शिकव की मला."

तू मावशीचा पदर सारखा केलास. "नगं. तुज्या पोरास्नी कुंपनाभाईर जायचं हाय. मी बसंन की दारात. हजेरीला बसायची सवय हाय मला."

त्यानंतर गिरणीत तुझ्यासमोर मावशीच्या जागी मी उभी असायचे. तुझे ओठ मिटलेले ते मिटलेलेच. असली कसली माया गं तुझी? पोरं गेली कुंपणाबाहेर, कुंपणही गेलं, आणि त्यांना विचारलं तर आपली बोली होती हेही माहीत नाही.

तू गेलीस त्या सकाळी सगळे म्हणाले, "मराठीत सांग, कळंल तिला." मी तुझ्या कानाशी वाकले. शब्द जिभेवर होते. बोलले नाही, तशीच उठले. आताही ते चार शब्द तुझ्या नावानं इथं लिहिता येतील, पण लिहिणार नाही, आणि हा कागद तुझ्या मातीपाशीही नेणार नाही. आये, तुला जाऊ द्यायचंच नव्हतं मला. अजूनही घरात शिरताना मी अंग चोरून शिरते, उंबऱ्यावर तुला जागा ठेवून.